दालन भाड्याने मिळेल

तर झालं असं की मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकांना ईमेल आलं. काकांचा भोसरीला छोटा कारखाना आहे, पितळी फिटिंग्जचं जॉबवर्क करतात. माणूस अत्यंत सरळ. ईमेलात लिहिलं होतं की उद्योगक्षेत्रातल्या योगदानाबद्दल त्यांची निवड एका आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी झाली असून तो त्यांना 'ब्रिटनच्या संसदेत', हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, सन्मानपूर्वक प्रदान करण्यात येईल. खाली बारीक अक्षरात 'सहभाग शुल्क'. आकडा सांगत नाही, पण तेवढ्यात काकांचं एक सेकंडहँड ड्रिलिंग मशीन आलं असतं. विमानाचं तिकीट वेगळं.

काका प्रिंटआऊट घेऊन माझ्याकडे आले. "तू कॉम्प्युटरवाला आहेस, हे खरं आहे का बघ जरा." त्यांना वाटत होतं की हे नायजेरियाच्या राजपुत्राच्या ईमेलासारखं काहीतरी असेल. मलाही तसंच वाटलं होतं. शनिवार होता, रिलीज नुकतीच गेली होती, पुढचे दोन दिवस मोकळे. बसलो शोधत.

आणि गंमत म्हणजे ईमेल खोटं नव्हतं. कार्यक्रम खरोखरच होणार होता, खरोखरच हाऊस ऑफ कॉमन्सच्या इमारतीत होणार होता, आणि एक खरेखुरे खासदार तिथे हजरही राहणार होते. फक्त त्याचा ब्रिटिश संसदेशी काही संबंध नव्हता. संसदेच्या इमारतीतलं एक जेवणाचं दालन कुणीतरी बुक केलं होतं, इतकंच.

इथून माझा विकांत गेला. कारण प्रश्न साधा वाटला तरी साधा नाहीये. संसदेची इमारत कुणाची? तिथे कुणाला जेवायला बोलावता येतं? आणि त्या भिंतींचं जे वजन आहे, ते कुणी दोन तासांसाठी उसनं घेतलं तर बिघडलं कुठे?

सुरुवात अगदी मुळापासून करू. वेस्टमिन्स्टर पॅलेसमधला सगळ्यात जुना भाग म्हणजे वेस्टमिन्स्टर हॉल. तो १०९७ साली विल्यम रूफस या राजाने बांधायला घेतला. साधारण ७३ मीटर लांब आणि २० मीटर रुंद, त्या काळात युरोपातल्या सर्वांत मोठ्या दालनांपैकी एक. कशासाठी बांधला? संसदेसाठी? छे. संसद नावाची गोष्ट तेव्हा जन्मालाच यायची होती. राजाने तो बांधला जेवणावळी घालायला. १०९९ मध्ये तिथे पहिली मोठी मेजवानी झाली. लोक दालनाच्या आकाराने दिपून गेले तेव्हा राजा म्हणाला की माझ्या मनातल्या राजवाड्याच्या मानाने ही नुसती झोपायची खोली आहे, असं सांगतात. (आपल्याकडचे बिल्डर सॅम्पल फ्लॅट दाखवताना साधारण हेच बोलतात.)

म्हणजे मूळ मुद्दाच उलटा होतो. आपण म्हणतो, संसदेच्या पवित्र इमारतीत खासगी समारंभ कसे काय? पण ही इमारत मुळात एका माणसाच्या खासगी समारंभांसाठीच होती. संसद तिथे नंतर आली. सायमन द माँटफोर्टने १२६५ मध्ये बोलावलेली सभा याच हॉलमध्ये भरली, पण तीही पाहुणी म्हणूनच. हाऊस ऑफ कॉमन्सला स्वतःची कायमची जागा मिळाली १५४७-४८ च्या सुमारास, तीही राजघराण्याच्या वापरातून गेलेलं सेंट स्टीफन्सचं प्रार्थनामंदिर. राहत्या वाड्यातली एक खोली भाडेकरूला द्यावी, तसं. आणि ती इमारत कायद्याने आजही 'राजवाडा'च आहे. तिचा ताबा लॉर्ड ग्रेट चेंबरलेन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याकडून संसदेच्या दोन सभागृहांकडे आला तो थेट १९६५ साली. लोकशाहीचं माहेरघर वगैरे म्हणतो आपण, पण घराच्या किल्ल्या मिळायला सातशे वर्षं लागली!

मधल्या काळात या हॉलमध्ये काय काय चालायचं याची यादी केली तर आपल्या तुळशीबागेची आठवण येते. एका कोपऱ्यात न्यायालय, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरं न्यायालय, आणि भिंतीला लागून पुस्तकं, हातमोजे, किरकोळ चैनीच्या वस्तू विकणाऱ्यांच्या टपऱ्या. याच हॉलमध्ये जानेवारी १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याच्यावर खटला चालला आणि त्याला मृत्युदंड झाला. राजेशाही परत आल्यावर क्रॉमवेलचं मुंडकं काठीवर खोचून लावलं तेही याच हॉलच्या छपरावर.

आणि १७८८ मध्ये इथे वॉरन हेस्टिंग्जचा खटला सुरू झाला. मराठी वाचकाला हेस्टिंग्ज परका नाही. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध, १७८२ चा सालबाईचा तह, महादजी शिंद्यांची मध्यस्थी, हे सगळं त्याच्याच कारकिर्दीतलं. खटल्यातला एक मुख्य आरोप होता बनारसच्या राजा चेतसिंगाकडून पैसे उकळल्याचा. हा चेतसिंग राज्य गेल्यावर शेवटी शिंद्यांच्या आश्रयाला ग्वाल्हेरला येऊन राहिला आणि तिथेच वारला. तर अशा गंभीर खटल्याचं लंडनमध्ये काय झालं? फॅशन. खटला बघायला प्रवेशपत्रिका लागायच्या, त्या उमराव मंडळींमार्फत मिळायच्या, आणि शेरीडनच्या भाषणाच्या दिवशी एकेका पत्रिकेला पन्नास गिनी मोजल्या गेल्या असं सांगतात. बायका नटूनथटून सकाळपासून जागा धरून बसायच्या. बंगाल-अवधच्या लुटीची सुनावणी हा लंडनच्या सीझनमधला सगळ्यात चर्चेचा शो झाला. खटला सात वर्षं रखडला, गर्दी ओसरली, आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. मला या प्रकरणात सगळ्यात टोचतं ते हे की तो कार्यक्रम शंभर टक्के अधिकृत होता. खासगी काहीच नव्हतं. तरीही त्याची तिकिटं विकली गेली.

आता ज्या जेवणावळीबद्दल वाचून मी दोन तास नुसता हसत होतो, ती. १९ जुलै १८२१, चौथ्या जॉर्जचा राज्याभिषेक. अभिषेक शेजारच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत आणि मेजवानी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये. राजाचं बायकोशी, राणी कॅरोलाइनशी, अजिबात पटत नव्हतं. आदल्याच वर्षी तिच्यापासून सुटका मिळवायला त्याने संसदेत विधेयक आणायला लावलं होतं आणि ते बारगळलं होतं. राज्याभिषेकाच्या सकाळी राणी स्वतः ॲबीच्या दारात आली. दारावरच्या माणसाने तिला विचारलं, तिकीट आहे का? नव्हतं. देशाच्या राणीला नवऱ्याच्या राज्याभिषेकातून तिकीट नाही म्हणून परत पाठवलं. गडबड होऊ नये म्हणून दारांवर सेवकांच्या वेशात व्यावसायिक मुष्टियोद्धे उभे केले होते. आजच्या भाषेत बाउन्सर!

हॉलमध्ये ३१२ पाहुणे जेवायला, सगळे पुरुष. बायकामुलं वरच्या सज्जांत बसून बघणार. त्यांना जेवण नाही. एका उमरावाने कोंबडी रुमालात बांधून वर आपल्या मुलाकडे भिरकावली, असं वर्णन आहे. जुन्या प्रथेप्रमाणे 'राजाचा वीर' चिलखत घालून घोड्यावर बसून थेट पंगतीत आला आणि राजाच्या हक्काला आव्हान देणाऱ्याला त्याने ललकारलं. घोडा मात्र ॲस्टलीच्या सर्कशीतून आणलेला होता, कारण गर्दीला आणि टाळ्यांना न बुजणारा दुसरा कुठला घोडा मिळणार? राजा निघून गेल्यावर वरची मंडळी खाली उतरली आणि टेबलांवर तुटून पडली. अन्न, काटे-चमचे, सजावट, हाताला लागेल ते. आपल्याकडच्या लग्नात बुफे उघडल्यावर होतं ते काहीच नाही.

खर्च आला जवळपास २ लाख ४३ हजार पौंड. त्यातले एक लाख संसदेने मंजूर केलेले, उरलेले नेपोलियनच्या पराभवानंतर फ्रान्सकडून मिळालेल्या भरपाईतून. म्हणजे युद्धात लोक मेले त्याचा मोबदला राजाच्या पंगतीला. दहा वर्षांनी, १८३१ मध्ये, चौथ्या विल्यमचा राज्याभिषेक झाला तेव्हा त्याने मेजवानीच रद्द केली. लोकांनी स्वस्तातला राज्याभिषेक म्हणून थट्टा केली, पण ती पंगत त्यानंतर आजतागायत झालेली नाही. त्यासाठी कुठला कायदा करावा लागला नाही.

खासदारांच्या खाण्याची गोष्ट वेगळी. १७७३ पासून बेलामी नावाच्या कर्मचाऱ्याने सभागृहाजवळ खानपानाची सोय केली, आणि तिथल्या मटण-पायचं इतकं कौतुक की पंतप्रधान धाकट्या पिटचे १८०६ मधले शेवटचे शब्द त्या पायबद्दलच होते अशी दंतकथा आहे. (मटण म्हणजे वासराचं, पण असो.) रात्री उशिरापर्यंत कामकाज चालायचं, त्यामुळे जेवणाची गरज खरीच होती. १८३४ च्या आगीत बहुतेक जुना राजवाडा जळाला, वेस्टमिन्स्टर हॉल वाचला. चार्ल्स बॅरीने नवी इमारत बांधली तेव्हा नदीकाठी गच्ची आणि जेवणाची दालनं आली. तिथे खासदार आपल्या पाहुण्यांना चहाला बोलवू लागले. मतदारसंघातला कुणी, बायकोच्या मैत्रिणी, मग एखादा कारखानदार. त्यात वावगं काय? काहीच नाही. आणि त्यात कुठल्या दिवशी वावगं आलं, ते सांगणंही कठीण.

१९३४ मध्ये ए. पी. हर्बर्ट नावाच्या विनोदी लेखकाने एक भन्नाट उद्योग केला. संसदेच्या बारमध्ये परवान्याशिवाय दारू विकली जाते, म्हणून त्याने थेट तिथल्या स्वयंपाकघर समितीवरच तक्रार ठोकली. देशभरच्या पबना परवाना सक्तीचा करणाऱ्या सभागृहाकडे स्वतःचा परवाना नव्हता! न्यायालयाने १९३५ मध्ये सांगितलं की सभागृहाचा अंतर्गत कारभार हा त्यांचा विशेषाधिकार आहे, आम्ही त्यात पडणार नाही. म्हणजे त्या चार भिंतींच्या आत काय चालावं हे ठरवणार भिंतींच्या आतलेच. (हर्बर्ट त्याच वर्षी स्वतः खासदार झाला. बारमध्ये गेला की नाही ते माहीत नाही.)

मग आतल्यांनी नियम केले. दालन बुक करायला खासदाराचं पुरस्कर्ता म्हणून नाव हवं. दालन कुणाच्या थेट आर्थिक फायद्यासाठी, पक्षाच्या निधीसाठी वापरायचं नाही. कागदावर उत्तम. पण २००७ मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरॉन यांना संसदेच्या आचारसंहिता आयुक्तांनी ठपका दिला, कारण पक्षाला वर्षाला ५० हजार पौंड देणाऱ्या देणगीदारांच्या गटाला ते आपल्या संसदेतल्या कार्यालयात भेटत होते. कॅमेरॉन यांनी माफी मागितली. २०१३ मध्ये वार्ताहरांनी वेषांतर करून काही लॉर्डांना गाठलं. त्यातल्या एकाने सरळ सांगितलं की ज्याच्याकडून आपण पैसे घेतो त्याच्यासाठी स्वागतसमारंभ भरवता येत नाही असा नियम आहे, म्हणून मी सहकाऱ्याला त्याच्या नावावर भरवायला सांगतो. दोन लॉर्ड काही महिन्यांसाठी निलंबित झाले. पुढे २०१० च्या दशकात कामकाज नसलेल्या दिवशी काही दालनं बाहेरच्यांनाही भाड्याने द्यायला सुरुवात झाली. खानपानसेवा तोट्यात, इमारत मोडकळीला आलेली (२०१६ च्या संसदीय समितीपुढे दुरुस्तीचे अंदाज साडेतीन ते पावणेसहा अब्ज पौंडांपर्यंतचे होते), मग रिकामी दालनं कमावती केली तर काय वाईट?

प्रामाणिकपणे सांगतो, मला या भाड्याच्या मार्गाचा राग येत नाही. त्यात दरपत्रक असतं, पावती असते, पैसा सरकारी खात्यात जातो. मला खटकतो तो मधला मार्ग, जिथे दालन 'मैत्रीखातर' मिळतं. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर हे डिजिटल सर्टिफिकेटसारखं आहे. वर एक संस्था असते जिच्यावर सगळ्यांचा विश्वास, ती दुसऱ्याला सही करायचा अधिकार देते, तो तिसऱ्याला. शेवटच्याने कुणाही सोम्यागोम्याला सही दिली तरी ब्राउझरमध्ये कुलूप दिसतंच. कुलूप खोटं नसतं. त्याचा अर्थ आपण समजतो तो नसतो, एवढंच.

ब्रिटिश संसदेला हे कळत नाही असं नाही. त्यांचं चिन्ह आहे मुकुटाखालचा जाळीदार किल्लेदरवाजा, मुळात सातव्या हेन्रीच्या घराण्याचं. ते चिन्ह कुठे वापरू नये याचा नियमच आहे: जिथे त्यामुळे सभागृहाचा अधिकार मागे आहे असा चुकीचा समज होईल, तिथे वापरू नये. म्हणजे चिन्हाची काळजी घेतली आहे. पण फोटोतल्या लाकडी पॅनेलिंगचं काय? हिरव्या खुर्च्यांचं काय? काकांच्या ईमेलात जोडलेल्या मागच्या वर्षीच्या फोटोंत ते चिन्ह एकदाही नव्हतं. गरजच नव्हती. बातमीचा मथळा आपल्याकडची वर्तमानपत्रंच लावतात, 'ब्रिटिश संसदेकडून गौरव'.

आणि हे गिऱ्हाईक आपणच का? लंडनमधल्या माणसाला या फोटोचं काय पडलंय. तिथल्या दिवाळीच्या कार्यक्रमांना आपली मंडळी संसदेत जमतात ते मी समजू शकतो, ते तिथले मतदार आहेत, त्यांचा हक्क आहे. पण भोसरीच्या कारखानदाराला त्या इमारतीचा शिक्का का हवासा वाटतो? १२ नोव्हेंबर १९३० ला पहिल्या गोलमेज परिषदेचं उद्घाटन पाचव्या जॉर्जने याच राजवाड्यातल्या रॉयल गॅलरीत केलं. डॉ. आंबेडकर तिथे होते, बॅ. जयकर होते. भिंतींवर वॉटर्लू आणि ट्रफाल्गरची भलीमोठी चित्रं. तिथे बोलावणं खुद्द सरकारचं होतं, आणि आंबेडकर तिकडे गेले ते त्या भिंतींकडून काही घ्यायला नाही, तर अस्पृश्यांच्या वतीने हिशेब मागायला. तोच राजवाडा, नव्वदेक वर्षांनी आपण तिथे पैसे भरून शाल-श्रीफळ घ्यायला जातो. (शाल खरोखर असते, मी फोटोत पाहिली.)

आपल्याकडेही प्रश्न आहेतच. दिल्लीच्या जुन्या संसद भवनाचा सेंट्रल हॉल ही संविधान सभेची जागा. २००४ च्या मे महिन्यात सोनिया गांधींनी पंतप्रधानपद नाकारलं ते याच हॉलमध्ये, काँग्रेस संसदीय पक्षाच्या बैठकीत. २० मे २०१४ ला भाजपने नरेंद्र मोदींची नेतेपदी निवड केली तीही इथेच. पक्षाची बैठक हा संसदेचा कार्यक्रम की खासगी? सगळेच पक्ष तिथे बसत आले म्हणून कुणी विचारत नाही. पण आपल्याकडे निदान ते दालन कुणाच्या पुरस्कार सोहळ्याला मिळत नाही, हे बरं.

वाचता वाचता मला या राजवाड्याचा एक पाहुणा फार आवडला. पाहुणी. सेंट स्टीफन्स हॉलच्या खाली सेंट मेरी अंडरक्रॉफ्ट नावाचं तळघरातलं प्रार्थनामंदिर आहे. तिथे आज खासदारांची आणि लॉर्डांची, त्यांच्या मुलांची लग्नं आणि बारशी होतात. एप्रिल २०१३ मध्ये अंत्ययात्रेच्या आदल्या रात्री मार्गारेट थॅचर यांचं पार्थिव तिथेच ठेवलं होतं. २ एप्रिल १९११ च्या रात्री, म्हणजे जनगणनेच्या रात्री, एमिली वाइल्डिंग डेव्हिसन ही बाई या मंदिराच्या झाडू ठेवायच्या कपाटात लपून बसली. स्त्रियांना मताधिकार नव्हता. आम्ही माणसांत मोजले जात नसू तर जनगणनेत तरी का मोजून घेऊ, असं म्हणून अनेकींनी त्या रात्री बहिष्कार घातला होता. हिने उलटं केलं. त्या रात्रीचा आपला मुक्कामाचा पत्ता हाऊस ऑफ कॉमन्स झाला पाहिजे, म्हणून ती अंधारात बसून राहिली. सापडली, आणि जनगणनेच्या कागदावर तिचा तोच पत्ता लागला. तिला कुणी पुरस्कर्ता नव्हता. दोन वर्षांनी डर्बीच्या शर्यतीत राजाच्या घोड्यासमोर जाऊन ती गेली. १९९१ मध्ये टोनी बेन या खासदाराने त्या कपाटात स्वतःच एक पाटी लावली. कपाट अजून आहे, झाडूही असतील.

रविवारी संध्याकाळी काकांकडे गेलो. सगळं सांगितलं, हेस्टिंग्जपासून कोंबडीपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते चिडतील किंवा हसतील. ते म्हणाले, "म्हणजे हॉल खरा, खासदार खरा, सर्टिफिकेट पण खरं."

"हो काका."

"फक्त मला कुणी निवडलेलं नाही."

मी काही बोललो नाही. काकूंनी चहा आणला. काकांनी प्रिंटआऊटची घडी घातली, उलट्या बाजूवर कुठल्या तरी ऑर्डरचा हिशेब केलेला दिसत होता. मग त्यांनी विचारलं की तिथे नुसतं बघायला जायला काय लागतं. मी सांगितलं की हॉल आणि आतला भाग शनिवारी तिकीट काढून बघता येतो, आणि कामकाज चालू असताना प्रेक्षक गॅलरीत बसायला परदेशी माणसालाही पैसे पडत नाहीत. रांग असते.

"पुण्याची आहे का रांगेची सवय मला," काका म्हणाले, "चाळीस वर्षं झाली."